गटाने फळबागेत तोडणीला जाताना : काय विचारायचं, काय तोडायचं, काय झाडावरच ठेवायचं

पायवाट

नमस्कार मंडळी. आमचा वीस-पंचवीस जणांचा गट या हंगामात एका कुटुंबाच्या फळबागेत जाणार आहे. फळं आपल्या हाताने तोडायची आणि शेवटी वजन करून पैसे द्यायचे, अशी तिथली पद्धत. सफरचंद आणि नाशपातीची झाडं मुख्य, कडेने बेरीची झुडपं. गटात सत्तरी ओलांडलेली मंडळी आहेत, शाळकरी मुलं आहेत, एक काका कुबड्या घेऊन चालतात. जुळवाजुळव माझ्याकडे आहे.

बाग सगळी घरच्या माणसांच्या जिवावर चालते. नवरा-बायको, त्यांची आई आणि कॉलेजात जाणारा मुलगा, बस. छाटणीपासून वजनकाट्यापर्यंत सगळं तेच बघतात. त्यांची वर्षभराची मेहनत फांद्यांवर लटकलेली असते आणि आपण पंचवीस जण एकदम तिच्यात हात घालणार. आपल्याला मनसोक्त फिरता यावं, पण आपण गेल्यावर त्यांना मोडक्या फांद्या नि तुडवलेली फळं निस्तरावी लागू नयेत, एवढं मला नक्की साधायचं आहे.

ज्यांनी अशा सहली नेल्या आहेत, ज्यांच्या घरी बाग आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहा. बागवाल्यांना आधी काय विचारू, पिकलेलं फळ कसं ओळखायचं, मुलांना काय सांगू, आणि घरी आणल्यावर फळं कशी ठेवायची. इतर फळांबद्दल लिहिलंत तरी हवंच आहे. कुणी संत्र्याच्या बागेत जाईल, कुणी आंब्याच्या, कुणी स्ट्रॉबेरीच्या. धागा सगळ्यांच्या कामी येऊ दे.

कोरांटी

आदल्या संध्याकाळी फोन कराच. तारीख महिनाभर आधी ठरली म्हणून फळ त्या तारखेला तयार होत नाही. ढगाळ हवा राहिली तर मागे पडतं, कडक ऊन पडलं तर पुढे सरकतं. चेरीसारखं फळ तर ऐन पिकताना पाऊस आला की तडकतं. आणि सकाळची वेळ धरा. उन्हं चढली की माणसं कंटाळतात आणि फळही तापतं.

बांधावरून

आमच्या घरी बाग आहे आणि हंगामात असे गट येतात, म्हणून पलीकडच्या बाजूने लिहितो.

गट येणार म्हटलं की आम्ही त्यांच्यासाठी एक-दोन रांगा राखतो. त्या रांगांतलं तयार फळ व्यापाऱ्याला देत नाही, स्वतःही तोडत नाही. ठरल्या दिवशी गट आलाच नाही, किंवा पंचवीस सांगून आठ जण आले, तर ते फळ बघता बघता हातचं जातं. मऊ पडलेल्या फळाला बाजारात गिऱ्हाईक नसतं. तेव्हा पायवाटताई, आकडा खरा सांगा आणि बेत बदलला तर कळल्याबरोबर कळवा. चार दिवस आधी कळलं तर ती रांग तोडून विकता येते. त्या सकाळी कळलं तर काहीच करता येत नाही.

दुसरी गोष्ट माझ्या लेखी याहून महत्त्वाची. सफरचंद-नाशपातीचं फळ ज्या डहाळीवर लागतं ती एकदा जवळून बघा. बोटाच्या पेराएवढी आखूड, जाडसर, अंगावर वळ्याच वळ्या. वर्षाला ती जेमतेम वाढते आणि वळ्यांवरून तिचं वय मोजता येतं. तिच्या टोकाशी, फळाच्या देठाला लागूनच, एक फुगीर डोळा असतो. तो पुढच्या हंगामातल्या फुलांचा. यंदाचं फळ पोसत असतानाच झाडाने तोही घडवलेला असतो. फळ हिसकलं की देठाबरोबर तो डोळा निघून येतो, कधी कधी अख्खी डहाळी येते. तोडणाऱ्याच्या हाती एक सफरचंद लागतं आणि आमच्या झाडावरची ती फळाची जागा कायमची जाते. चेरीच्या झाडाचीही अशीच गत होते.

म्हणून आम्ही गट आला की सगळ्यांना पहिल्या झाडाशी उभं करतो आणि एक फळ तोडून दाखवतो. तळवा फळाखाली घ्यायचा. सगळी बोटं फळाला टेकू द्यायची, नखं नाही. एक बोट देठाच्या मुळाशी ठेवायचं आणि फळ वर उचलत हलकंच पिळायचं. तयार फळ देठासकट सुटून हातात येतं. सुटलं नाही, तर सोडून द्यायचं आणि पुढच्या झाडाकडे जायचं. फांदी धरून हलवायची नाही. हवं असतं एक, खाली पडतात पाच, आणि पडलेल्या फळाला मार लागलेला असतो.

मधलीसुट्टी

बांधावरून दादा, त्या डोळ्याबद्दल पहिल्यांदाच कळलं. मनापासून आभार.

मुलांबद्दल मी लिहिते, शाळेच्या सहली नेते म्हणून. "हे करू नका, ते करू नका" अशी यादी वाचून दाखवली तर मुलं फाटकाशीच विसरतात. त्याऐवजी प्रत्येकाला एक छोटी टोपली द्या आणि सांगा की टोपली भरली की तुझी तोडणी संपली. टोपली लहान असली की मूल निवडून तोडतं. मोठी पिशवी दिली की दिसेल ते ओरबाडतं. मी तर मुलांना आधी दहा मिनिटं काहीच तोडू देत नाही. झाडाभोवती फिरा, सगळ्यात पिकलेलं फळ कुठे आहे ते शोधून मला दाखवा, एवढंच सांगते. बहुतेक मुलांच्या आपोआप लक्षात येतं की बाहेरच्या, ऊन लागणाऱ्या फांद्यांवरची फळं आधी रंगली आहेत आणि आतल्या सावलीतली मागे आहेत. मग ती तोडायला लागतात तेव्हा हात आपसूक जपून जातो.

आणि हो, एक मोठा माणूस चार मुलांमागे, यापेक्षा कमी नको.

निळीशाई

माझा एक प्रश्न. दुकानात फळं हवी तेव्हा, हवी तितकी, निवडून मिळतात. त्यासाठी एवढा प्रवास, एवढी पूर्वतयारी. चवीत खरंच फरक पडतो का, की स्वतः तोडलं म्हणून गोड लागतं?

दगडफूल

निळीशाई, फरक पडतो, पण सगळ्या फळांत सारखा नाही. फळांचं शरीरशास्त्र हा माझा शिकवण्याचा विषय आहे, त्यामुळे थोडं लांबवतो.

फळांचे ढोबळ दोन गट आहेत. एका गटातली फळं तोडल्यावरही पिकत राहतात : आंबा, केळं, पेरू, चिकू, सीताफळ, पपई, सफरचंद, नाशपाती, पीच, प्लम. दुसऱ्या गटातली फळं झाडावरून उतरली की त्यांची गोडी तिथेच थांबते : द्राक्षं, संत्री-मोसंबी, डाळिंब, स्ट्रॉबेरी, चेरी, लिची, अननस. पहिल्या गटातलं फळ पिकायला लागलं की त्याचं श्वसन एकदम वाढतं आणि ते इथिलीन नावाचा वायू सोडू लागतं. हा वायू त्याला स्वतःला तर पिकवतोच, शेजारच्या फळालाही पिकवतो. १९०१ मध्ये नेल्युबोव या रशियन शास्त्रज्ञाने दाखवलं की दिव्याच्या गॅसमुळे वाटाण्याचे अंकुर वेडेवाकडे वाढतात त्याचं कारण त्या गॅसमधलं इथिलीन. पुढे १९३४ मध्ये रिचर्ड गेन यांनी सिद्ध केलं की पिकणारं सफरचंद हा वायू स्वतःच तयार करतं.

आता तुमचा प्रश्न. दुसऱ्या गटातलं फळ बागेतून खाण्यात सगळ्यात मोठा फायदा आहे. लांबच्या बाजारात जाणारी स्ट्रॉबेरी टणक असतानाच तोडावी लागते. खांद्याशी पांढरी असेल तर नंतर लाल दिसेल एक वेळ, पण गोड होणार नाही. झुडपावर शेवटपर्यंत लाल झालेली, देठाच्या पाकळ्यांपर्यंत रंग चढलेली स्ट्रॉबेरी प्रवासात टिकत नाही, म्हणून ती बागेतच खायला मिळते. तुतीचंही तसंच. अंजीर आहे पहिल्या गटातलं, पण कच्चं तोडलं तर गोडीला उतरत नाही, झाडावरच मऊ होऊन मान टाकू द्यावं लागतं.

नाशपातीचं मात्र उलट. पायवाटताई, हे गटाला आवर्जून सांगा. बहुतेक नाशपाती झाडावर पिकू दिली तर आतून बाहेर पिकत जाते. बाहेरून हाताला जेमतेम मऊ लागेपर्यंत गाभा तपकिरी आणि पिठूळ झालेला असतो. म्हणून ती टणक पण पूर्ण वाढलेली असताना तोडतात आणि घरी पिकवतात. ओळखायचं कसं, तर लटकलेलं फळ हातात धरून आडवं करायचं. देठ फांदीपासून अलगद सुटला तर फळ तयार. अॅव्होकाडो तर झाडावर असेपर्यंत मऊ होतच नाही, तोडल्यावरच पिकायला लागतो.

रंगावर फार विसंबू नका. संत्र्याची साल उष्ण हवेत पिकूनही हिरवी राहू शकते आणि थंड रात्री पडल्या की केशरी होते. आतल्या रसाशी त्याचा थेट संबंध नाही. लाल सफरचंदात लाली बघण्याऐवजी तिच्यामागचा मूळ रंग बघा. तो हिरव्याकडून पिवळसर व्हायला लागला की फळ तयारीला आलं. बागवाले एखादं फळ आडवं कापून त्यावर आयोडीनचं पाणी लावतात तेही बघायला मिळालं तर बघा. स्टार्च असेल तिथे काळं-निळं होतं. पिकताना स्टार्चची साखर होत जाते आणि गाभ्यापासून बाहेरच्या बाजूला पांढरा भाग पसरत जातो. मुलांना दाखवायला फार सुंदर प्रयोग आहे.

निळीशाई

धन्यवाद दगडफूल. सफरचंदावर आयोडीन लावून आजच बघते.

उन्हाळवारा

आंब्याच्या बागेत जाणाऱ्यांसाठी. आंबा हाताने ओढायचा नाही, झेल्याने (टोकाला जाळी लावलेल्या लांब काठीने) देठासकट काढायचा आणि देठ दोन-तीन बोटं तरी राहू द्यायचा. देठ मुळापासून तुटला की चीक उडतो. तो सालीवर ओघळला तर तिथे काळे डाग पडतात आणि पुढे फळ तिथूनच बिघडतं. माणसाच्या कातडीवर पडला तर काहींना फोड येतात, डोळ्यात गेला तर फार त्रास होतो. वर बघत झेला धरणाऱ्याने चष्मा लावलेला बरा. देठ छाटायचा झाला तर फळ उलटं धरून चीक निथळू द्यायचा, मगच क्रेटमध्ये ठेवायचं.

संत्री-मोसंबी सिकेटरने (छाटणीच्या कात्रीने) कापायची, देठ फळालगत अगदी आखूड ठेवून. ओढून काढली की देठाशी सालीचा तुकडा निघतो आणि तिथून बुरशी शिरते. देठ लांब ठेवला तरी पंचाईत, कारण तो शेजारच्या फळाला टोचतो. डाळिंबही कापूनच. पिकलेल्या डाळिंबाचा गोलपणा थोडा मोडतो, अंगाला कोन यायला लागतात, आणि टिचकी मारली तर खणखणीत आवाज येतो. द्राक्षाचा घड देठाला धरून कापायचा आणि मण्यांवरचा तो पांढुरका मेणासारखा थर बोटांनी पुसायचा नाही. त्या थरामुळेच मणी सुकत नाही.

रात्रपाळी

मी दवाखान्यात काम करते, त्यामुळे माझी काळजी वेगळी.

पिकून फुटलेल्या, पडलेल्या फळांवर गांधीलमाश्या जमतात. झाडाखाली हात घालण्याआधी बघावं, गोड सरबताच्या उघड्या बाटल्या गवतात ठेवू नयेत, पायात बंद चप्पल-बूट असावेत. गटात कुणाला माशीच्या दंशाची तीव्र अॅलर्जी असेल तर ते आधीच विचारून ठेवा आणि त्यांनी आपलं इंजेक्शन खिशात बाळगावं, गाडीत नाही. दंशानंतर श्वास घ्यायला त्रास, ओठ-जीभ सुजणं, चक्कर, यातलं काहीही दिसलं तर वाट बघत बसू नका, लगेच दवाखाना गाठा.

शिडीवर आपल्या गटातल्या कुणी चढू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. बागेतली जमीन उंचसखल असते आणि हात लांब करून फळ गाठताना तोल जातो. वरची फळं घरच्या लोकांची.

खाली पडलेली फळं खाऊ नयेत. बागेत जनावरं, हरणं, पक्षी येतात, त्यांच्या विष्ठेतले जंतू पडलेल्या फळाला लागतात आणि सालीला चीर पडली असेल तर आत जातात. १९९६ मध्ये अमेरिकेत न उकळलेल्या सफरचंदाच्या रसातून घातक ई. कोलाय जंतूंची साथ पसरली होती, त्यात एक लहान मूल दगावलं. बागेतच ताजा रस काढून देत असतील तर लहान मुलं, गरोदर बायका आणि म्हाताऱ्या माणसांनी तो उकळलेला किंवा पाश्चराइज केलेला आहे का ते विचारूनच घ्यावा. विचारण्यात संकोच कसला?

आणि झाडावरचं फळ तोडून थेट तोंडात टाकू नये. फवारणी झालेली असू शकते.

अंगणवेल

रात्रपाळी, इतकं घाबरवू नका हो. झाडावरून तोडलेल्या फळाचा पहिला घास तिथेच उभं राहून घेणं, यासाठीच तर माणूस बागेत जातो. फळ पुसून खाल्लं तर काही होत नाही. आणि चाखून बघितल्याशिवाय कुठल्या झाडाची फळं घ्यायची ते कळणार कसं?

रात्रपाळी

घाबरवायचं नाही, अंगणवेल. एक पाण्याचा कॅन आणि एक पातेलं बरोबर न्या, तिथल्या तिथे धुवून खा. पहिला घास मलाही तितकाच प्रिय आहे.

बांधावरून

दोघींच्याही म्हणण्यावर आमच्या बाजूने सांगतो. फवारणीचं औषध कुठलंही असो, शेवटची फवारणी आणि तोडणी यांच्यात किती दिवस जाऊ द्यायचे ते त्याच्या लेबलवर छापलेलं असतं. तो काळ उलटल्याशिवाय कुणीही सचोटीचा बागवाला लोकांना रांगेत सोडणार नाही. तरी तुम्ही विचारा : "या रांगेत शेवटची फवारणी कधी झाली, कशाची झाली?" जो माणूस नोंदी ठेवतो तो दोन वाक्यांत उत्तर देतो. सेंद्रिय बाग असली तरी विचारा, सेंद्रिय बागेतही गंधक, ताम्रयुक्त औषधं, निंबोळी अर्क यांच्या फवारण्या असतात. धुवून खाणं दोन्हीकडे चांगलंच.

चाखण्याबद्दल. प्रत्येक बागेचा रिवाज निराळा. काही जण प्रवेशाच्या पैशातच पोटभर खायची मुभा देतात, काही जण फक्त वजनावर विकतात आणि तिथे खाल्लेलं त्यांच्या खिशातून जातं. फाटकाशी विचारून घेतलं की दोघांनाही मोकळं वाटतं. खरं सांगू का, खाल्लेल्या फळाचं आम्हाला वाईट वाटत नाही. वाईट वाटतं ते एक चावा घेऊन झाडाखाली टाकलेल्याचं. झाडाने फुलोऱ्यापासून आपली कितीतरी फुलं-फळं आपणहून गाळलेली असतात. उरलेल्यांतून आम्ही विरळणी करून घोसातलं एखादं ठेवतो, म्हणजे त्याला पुरेसं अन्न मिळून ते भरेल. एवढ्यातून पार पडलेलं फळ गवतात अर्धवट पडलेलं दिसलं की आमची आई न बोलता उचलून घेते आणि जनावरांच्या टोपलीत टाकते. तिच्याकडे मग बघवत नाही.

तेव्हा चाखायचं तर चौघांत एक फळ कापा. मोठी सुरी नको, छोटी चालेल.

अंगणवेल

चौघांत एक, हे पटलं. आमच्या गटाला हेच सांगणार.

नवीपालवी

कुबड्या घेऊन येणाऱ्या काकांसाठी : ठेंगण्या खुंटावर कलम केलेल्या झाडांची रांग आहे का ते बागवाल्यांना विचारा. सफरचंदाची उंची कलमाच्या वरच्या भागापेक्षा खालच्या खुंटावर जास्त अवलंबून असते. इंग्लंडमधल्या ईस्ट मॉलिंग संशोधन केंद्राने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अशा खुंटांची नीट वर्गवारी केली. त्यातल्या एम नाइन नावाच्या खुंटावरचं झाड अडीच-तीन मीटरच्या आत राहतं आणि लावल्यावर दोन-तीन वर्षांत फळू लागतं. लोकांनी स्वतः तोडायच्या बागा शक्य झाल्या त्यात या ठेंगण्या झाडांचा मोठा वाटा आहे, कारण जमिनीवर उभं राहून बहुतेक फळ हाताला येतं. कुणाला खुर्चीत बसूनही तोडता येतं. मात्र एक सांगते, या खुंटाची मुळं उथळ आणि ठिसूळ असतात, झाड जन्मभर आधाराच्या काठीला किंवा तारेला बांधलेलं असतं. त्या तारेवर भार टाकून उभं राहायचं नाही, मुलांना झाडावर चढू द्यायचं नाही.

गाडी रांगेच्या किती जवळ जाते आणि स्वच्छतागृह कुठे आहे, हेही विचारून ठेवा. वडीलधाऱ्यांची अर्धी काळजी तिथेच मिटते.

पायवाट

सगळ्यांचे किती आभार मानू! बागेतल्या ताईंशी बोलले. आकडा पक्का कळवला, फवारणीचं विचारलं, ठेंगण्या झाडांच्या दोन रांगा आहेत आणि गाडी तिथपर्यंत जाते. पाणी-पातेलं, लहान टोपल्या, कापायला सुरी घेतली आहे. शिडीला हात लावायचा नाही असं सगळ्यांनी कबूल केलंय. पाऊस लागला तर काय, हे विचारलं तर त्या म्हणाल्या, रिपरिप असेल तर या, पण ओल्या बेरी तोडू देणार नाही, त्या दुसऱ्या दिवसाला बुरशी धरतात.

आता फक्त घरी आणल्यावरचं कुणी लिहील का?

दगडफूल

लिहितो. पहिलं काम, फळातली उष्णता काढणं. तापमान दहा अंशांनी वाढलं की फळाचं श्वसन साधारण दुप्पट-तिप्पट होतं, म्हणजे तितक्याच वेगाने ते म्हातारं होतं. बंद गाडीत उन्हात दोन तास ठेवलेल्या बेरी घरी येईपर्यंत अर्ध्या संपलेल्या असतात. सावलीत ठेवा, पसरट भांड्यात उथळ थर करा, एकावर एक रचू नका.

धुवायचं खाण्याच्या वेळी. धुवून ठेवलेल्या बेरी ओलीमुळे लवकर जातात. मार लागलेली, चिरलेली फळं आल्याबरोबर वेगळी काढा आणि ती आधी संपवा, मुरंबा करा, काही करा. सफरचंदं थंड जागी, आणि पालेभाजी-काकडीपासून लांब. त्यांच्या इथिलीनने पाला पिवळा पडतो. हाच गुण कामालाही येतो : कच्चा पेरू किंवा टणक चिकू पिकवायचा असेल तर कागदी पिशवीत पिकलेल्या सफरचंदाशेजारी ठेवा.

कच्चा आंबा आणि केळी फ्रीजमध्ये ठेवू नका. ही उष्ण हवेतली फळं, बारा-तेरा अंशांखाली त्यांना थंडी बाधते. मग साल काळवंडते आणि नंतर बाहेर काढली तरी ती नीट पिकत नाहीत.

पायवाट

जाऊन आलो! थोडक्यात लिहिणार होते, पण राहवत नाही.

फाटकाशी आजी उभ्या होत्या. त्यांनी सगळ्यांना एका झाडाखाली नेलं आणि काही न बोलता एका मुलीचा हात धरून फळाखाली ठेवला, वर उचलला, वळवला. टुक असा बारीक आवाज आला आणि सफरचंद देठासकट त्या मुलीच्या हातात. मग फांदी वाकवून बांधावरून दादांनी लिहिलेला तो डोळा दाखवला. खरंच तसाच आहे, लव असलेला, राखाडी, गव्हाच्या दाण्यापेक्षा थोडा मोठा. त्यानंतर मुलांना काही सांगावंच लागलं नाही. एकमेकांना तीच सांगत होती, "डोळा बघ, डोळा बघ."

काकांनी कुबड्या झाडाला टेकवून नव्हे, जमिनीवर आडव्या ठेवून, खुर्चीत बसून दोन झाडं तोडली. गटातली तरुण मंडळी क्रेट उचलून काट्यापर्यंत नेत होती. बागेतल्या ताईंनी परत जाताना पुढच्या हंगामासाठी आमचं नाव वहीत लिहून घेतलं. कुठल्या रांगेत किती फळ निघालं तेही त्या लिहीत होत्या.

एकच अडचण. नाशपाती आणून बरेच दिवस झाले, टेबलावर ठेवल्यात, अजून दगडासारख्या टणक आहेत. काही चुकतंय का?

दगडफूल

जात कोणती ते त्या ताईंना विचारा. उशिरा तयार होणाऱ्या बऱ्याच नाशपातींना पिकण्याआधी थंडी लागते. ती मिळाली नाही तर नुसत्या टेबलावर ठेवून त्या सुरकुततात, मऊ होत नाहीत. काही जातींना थोडे दिवस पुरतात, काहींना महिना-दोन महिने लागतात. फ्रीजमध्ये ठेवा, आणि दर थोड्या दिवसांनी दोन-तीनच बाहेर काढून बघा.

बांधावरून

बाहेर काढल्यावर रोज देठाजवळ, मानेशी, अंगठ्याने हलकं दाबायचं. पोटाशी दाबून कळत नाही. मान दबली की त्याच दिवशी खा, दुसऱ्या दिवसावर ठेवू नका.